पिवळी वायर

"बॅटरी काढलीस ना बेटा? मग दहा मिनिटं हात बांधून बस. एअरबॅगमधला करंट लगेच मरत नाही," असं उस्ताद म्हणायचे. बंडूनं आजही गॅरेजात अशोकजींच्या गाडीचं स्टेअरिंग खोलण्याआधी तसंच केलं. काम झालं, अशोकजी नातीला घेऊन गौतमपुऱ्याला निघालेसुद्धा. एअरबॅगची पिवळी वायर मात्र सुटीच राहिली होती; धडक झाली तर एअरबॅग उघडणार नव्हती. बंडूनं नऊदा फोन लावला, शेवटी त्यांच्या घरी लावला.

"गाडी चालवताना ते फोन नाही उचलत, भिया," अशोकजींच्या बायको वसुंधराकाकू कौतुकानं हसल्या. "तुम्हीच तर कसम दिली होती! का हो, काही विसरलात का?"



"विसरलो नाही, काकू. एअरबॅगचा लाल दिवा पेटलेला दिसत होता मला. ते घाईत होते... मी चावी देऊन टाकली."