पुन्हा विचारलेला प्रश्न

“काकाने आईला गच्चीवरून ढकललं,” साक्षीदाराच्या पिंजऱ्यात स्टुलावर उभी राहून सात वर्षांची कावेरी म्हणाली. ते पाहणारं दुसरं कुणीच नव्हतं. काका सुटला, तर तिला त्याच्याच घरी परतायचं होतं. धीर यावा म्हणून मला, तिच्या शाळेतल्या बाईंना, जवळ बसू दिलं होतं.

काकाचे वकील मऊ आवाजात म्हणाले, “बाळ, काका आईला ढकलत होता की धरत होता?”

“ढकलत होता.”

“नीट आठव हं. ढकलत होता की धरत होता?”

कावेरीचा चेहरा उतरला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी धीर देऊ लागले, तोच न्यायाधीश म्हणाले, “बाई, खुणा नकोत.” मी मान खाली घातली.

वकिलांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“धरत होता,” ती पुटपुटली.

बाहेर येताच मी तिला कवटाळलं. “अगं, असं का सांगितलंस?”

“पहिलं उत्तर चुकलं होतं ना? वर्गात बरोबर आलं की तुम्ही पुढच्या मुलीला विचारता. चुकलं की मलाच पुन्हा विचारता.” तिने डोळे पुसले. “नंतर त्यांनी विचारलंच नाही. आता बरोबर आलं ना, बाई?”