तिसरी रेघ

भिंतीला चुना मारताना घरमालकीण काकूंची अट आठवत होती: पुराच्या रेघा पुसायच्या नाहीत. नदीकाठच्या या भाड्याच्या खोलीत गुडघ्याएवढी एक, छातीएवढी दुसरी, आणि दोन्हींच्या शेजारी कोळशानं लिहिलेली सालं. त्या बघून बायकोला झोप लागत नव्हती, म्हणून मी दोन्ही झाकून टाकल्या.

सकाळी त्या ओलसर होऊन वर आल्या होत्या. आणि एक तिसरी होती, माझ्या डोक्याच्याही वर.

काकूंना बोलावून विचारलं, "ही कोणी मारली?"

"रेघा आम्ही मारत नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही नुसतं साल लिहितो."

बाहेर चैत्राचं ऊन होतं, नदीतले दगड उघडे पडले होते. काकूंनी स्टूल ओढलं, कोळसा घेतला आणि यंदाचं साल लिहिलं.