आबांचा हुंकार

आईबापाविनाची पोर आबांनी शिलाई मशीन चालवून वाढवली. म्हातारा अक्षरशत्रू, पण नात मोठ्यानं अभ्यास करू लागली की मशीनवरूनच हुंकार द्यायचा. ती चुकली की हुंकार बंद!

"आबा, तुला कसं रे कळतं?"

"उसवलेलं मला ऐकू येतं, पोरी. तू कॉलेजात पोचेस्तोवर हुंकार देणार बघ."

महिन्यापूर्वी आबा गेले. प्रवेशपरीक्षेला नात एकटीच बसली. पहिलं उत्तर लिहिलं, तर कानात "हं". दुसऱ्यालाही "हं". तिसऱ्याला काहीच नाही. डोळे पुसत तिनं ते मुकाट्यानं खोडलं.

तेवढ्यात वर्गावरच्या बाई तरातरा आल्या नि कुजबुजल्या, "अगं, त्या म्हातारबाबांना म्हणावं, हळू! मागचा अख्खा वर्ग तिसरं उत्तर खोडतोय."