एक यंत्र, दोन जावा

यंत्र उचलायला आणलेले दोन हमाल दाराबाहेर ताटकळत होते आणि आत संशोधिकेला तोंड उघडवत नव्हतं. धाकटीने तिला पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसायला जागा करून दिली होती. आज न कळवता आलात मॅडम, असं ती दोनदा म्हणाली आणि दोन्ही वेळा तिची नजर मागच्या दाराकडे गेली. एरवी संशोधिका आधी फोन करूनच यायची. पण यंत्र परत न्यायचंय, हे फोनवर सांगणं तिच्या जिवावर आलं होतं.

नवं यंत्र आलं की छोट्या कारखान्याचं खरंच भलं होतं का, हा तिच्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी सगळ्या बाबतींत सारखे असे दोन कारखाने हवे होते. एकाला यंत्र द्यायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही, आणि वर्षभर दोघांचं काम मोजायचं. ऐकायला सोपं आहे. पण जिथे जावं तिथे शेजारी एकमेकांना साखरेपासून शिडीपर्यंत सगळं उसनं देणारे. यंत्र एका घरी ठेवलं की संध्याकाळपर्यंत ते गल्लीभर फिरून आलंच समजा. शेवटी तिला या दोघी सापडल्या. सख्ख्या जावा. बुटांची खोकी बनवणारा एकच कारखाना दोन भावांनी मधे भिंत घालून वाटून घेतला होता. भाऊ माल पोचवत फिरायचे, काम बायका बघायच्या, आणि त्या दोघींमधून विस्तव जात नव्हता. वाटणीत छताचा पंखा कुणाकडे जावा यावरून बिनसलं होतं, ते बिनसलंच. संशोधिकेचे सर तर हरखून गेले. इतकं पक्कं भांडण हल्ली कुठे मिळतं, म्हणाले, जपा त्याला.

तिने जपलं. थोरलीचा खोकला बरा आहे का, असं एकदा धाकटीने हळूच विचारलं, तर संशोधिका मूग गिळून बसली. न जाणो, दोघींचं गोडीत आलं तर प्रबंधाचं काय व्हायचं? दुसऱ्यांचं भांडण मिटू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेली जगात ती एकटीच असावी, आणि तिला त्याची लाजही वाटायची. पण ती गल्लीच्या तोंडाशी आली रे आली की थोरली भिंतीवरून कात्रणं पलीकडे भिरकावायची आणि धाकटी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मग संशोधिकेचा जीव भांड्यात पडायचा.

थोरली पट्टी धरून बोथट सुरीने पुठ्ठ्यावर एकेक घडी दाबायची. धाकटी पुठ्ठा यंत्रात सरकवून दांडा ओढायची, की चारही घड्या एकदम. बघणाऱ्याला फरक उघड दिसत होता. मालाचा हिशेब मात्र वेगळंच सांगत होता. वर्षभरात दोघींची खोकी वाढली होती, आणि दोघींची सारखीच वाढली होती. बाजारच तेजीत असेल, म्हणाले सर. यंत्र असून नसून सारखंच, उचला ते, दुसऱ्या कुणाला तरी देऊ. संशोधिकेचं वर्ष पाण्यात गेलं.

"मी यंत्र न्यायला आलेय," ती शेवटी म्हणाली. "त्याचा काही उपयोग होत नाही असं दिसतंय."

धाकटीचा चेहरा उतरला. ती काही बोलणार, तोच कुणीतरी मागचं दार पायाने ढकललं. कमरेवर पुठ्ठ्यांचा भारा घेऊन थोरली आत आली. भाऱ्याआड तिला समोरचं काही दिसत नव्हतं.

"सरक गं, तू चहा घे, आता मी बसते. आणि त्या दांड्याला तेल घाल, सकाळपासून सांगतेय."

भारा खाली ठेवल्यावर तिला संशोधिका दिसली. तिने सवयीने धाकटीला एक शिवी हासडली.

"राहू द्या जाऊबाई," धाकटी म्हणाली. "आता काय उपयोग."

मग सगळंच बाहेर आलं. यंत्र आलं त्याच आठवड्यात एक पुठ्ठा आत अडकला, एकटीला दांडा हलेना, म्हणून धाकटीने भिंतीवर थापा मारल्या. थोरली तरातरा आली ती भांडायलाच, पण आलीच आहे तर हात लावून गेली. दुसऱ्या दिवशी तिने आपलेही थोडे पुठ्ठे आणले. तेव्हापासून दोघी आळीपाळीने यंत्रावर बसत होत्या.

संशोधिकेने कपाळावर हात मारला. एकच यंत्र दोघींकडे, तर माल सारखा वाढणार नाही तर काय होणार? प्रबंधाची पार वाट लागली होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. नवी गोष्ट एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते, हेच तर खरं शोधण्यासारखं होतं. आणि ती वर्षभर तसं काही होऊ नये म्हणून राखण करत बसली होती. तिला फार बरं वाटलं. सर रागावले तर रागावले. तिने हमालांना चहा प्यायला पाठवून दिलं.

मग मी आले की तो तमाशा कशासाठी, असं तिने विचारलं.

"तुमचे सरच पहिल्या दिवशी म्हणाले ना," धाकटी म्हणाली, "तुमचं पटत नाही म्हणून तुम्हाला यंत्र देतोय."

आता हे सगळं खरं लिहावं लागणार, तुमचं गूळपीठ झाल्याचंही, असं संशोधिकेने सांगितलं. दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. थोरलीने यंत्राच्या दांड्यावर हात ठेवला.

"लिहा की. पण त्याने यंत्र जाणार असेल तर आधी सांगा मॅडम. आम्ही पुन्हा भांडतो. या वेळी अगदी मनापासून."