जास्तीचं ताट

पहिली चांदणी दिसली तसे स्कॉटलंडच्या छावणीतले चाळीस पोलिश शिपाई नाताळच्या जेवणाला बसले. रिवाजाप्रमाणे एक ताट जास्तीचं मांडलं होतं. तेवढ्यात इंग्रज कप्तान दारात हजर! शिपायांतल्या हिपोलितनं त्याला त्याच ताटावर बसवलं, बीटाचं सार वाढलं. “याला कशाला?” शेजारचा पुटपुटला. “दारी आलेल्याला बसवायचं.” इटलीत हिपोलित या कप्तानाच्या खांद्याला खांदा लावून लढला होता, तरी कप्तानाच्याच सरकारनं हिपोलितचं गाव परस्पर रशियाला देऊन टाकलं. “महायुद्ध संपलं, गड्यांनो,” सार भुरकत कप्तान म्हणाला, “आता घरी जा की आपापल्या!” चमचे थांबले. “हे ताट कुणासाठी होतं?” कप्तानानं विचारलं. “ज्याला घर नाही त्याच्यासाठी,” हिपोलित म्हणाला. कप्तान खदखदून हसला. “मला तर आहे बुवा घर!” हिपोलितनं त्याच्यापुढचं ताट ओढलं. “मग उठा, साहेब. या एका ताटावर आम्हा चाळिसांचा हक्क आहे.”