पांढरी पानं

काचगृहात शिरताच शलाका थबकली. तिची पांढऱ्या पानांची सोयाबीनची रोपं गायब होती. विषाणू टोचून हिरवेपणा टिकवणारं जनुक बंद पाडायचं, पान पांढरं पडलं की प्रयोग जमला, हे तिला पीएचडीच्या सुरुवातीला सरांनीच शिकवलं होतं. ते जमायला दोन वर्षं लागली होती.

"सर, माझी रोपं?"

"अगं, आज समिती येतेय. आजारी रोपं बघून काय म्हणतील? उपटून टाकायला लावली."

"आजारी नव्हती, सर. प्रयोग यशस्वी झाला होता."

"मग आधी बोलायचंस ना."

समितीला दाखवायला तुलनेसाठी ठेवलेली, विषाणू न टोचलेली रोपंच उरली होती.

अध्यक्षांनी एक पान कुरवाळलं. "विषाणू टोचूनही इतकी टवटवीत? कमाल आहे."

"सगळं सरांचं मार्गदर्शन," शलाका म्हणाली.

सरांनी विनयाने मान लववली.