मेलेला काटा

त्रेपन्नच्या हिवाळ्यात मी आणि बहीण भागा हिंगणघाटहून मोटारीनं निघालो. तिचा नवरा जंगलू लाकडाचा ट्रक घेऊन सरहद्दीपलीकडं, हैदराबाद राज्यात गेला होता, तो परतलाच नव्हता. आता कुणीतरी त्याला आदिलाबादला पाहिलं होतं.

मोटारीचा वेगाचा काटा कधीचा मेलेला. त्याची तार मीच काढून सीटखाली टाकली होती. म्हणून भागाच्या हातात घड्याळ दिलं होतं. मैलाचा दगड आला की ती ओरडून वेळ सांगे आणि मी वेगाचा अंदाज बांधी.

वर्धा नदीच्या अरुंद पुलावरून कापूस लादलेल्या बैलबंड्या येत होत्या. मी अलीकडंच गाडी थांबवून इंजिन बंद केलं.

"भाऊ, काटा चालून राह्यला."

काटा तिसावर होता. मी काचेवर टिचकी मारली. तो दहावर उतरला, जरा रेंगाळला आणि पुन्हा तिसावर गेला.

"तार त खाली पडली आहे न!" मी चिडलो.

"ट्रकपुढं नाल्याची मोरी आली असन," भागा म्हणाली. "ते हरेक मोरीवर गाडी अशीच हळू करतेत."

बंड्या संपल्या. पलीकडचा रस्ता उन्हात दूरवर मोकळा दिसत होता. मी इंजिन सुरू करायला हात पुढं केला.

"थांब न भाऊ. जवळ आले."

काटा विसावर आला, मग दहावर, मग अलगद शून्याला टेकला. भागानं पदर सारखा केला आणि माझ्याकडं सरकून सीटवर जागा केली.

तिच्या बाजूच्या दाराची मूठ बाहेरून फिरली, तशी ती हसली.